माझ्या आईला दिसतं

"ऊठ तिथनं. ती खुर्ची एजंटाची हाय."

"मी एजंटच हाय," मी म्हणाले. ओढणीला टाचणीनं लावलेला पास दाखवला.

विक्रमनं पास बघितलाच नाही. त्यानं केंद्राध्यक्षांकडं बघितलं. "साहेब, आता ही बी एजंट व्हायला लागली का? यांच्या वस्तीची मतं कुणाला पडणार ते आमाला कालपासनं ठाव हाय. त्यात बघायचं काय एजंट बसवून?"

खोलीतले सगळे हसले. दाराशी उभा असलेला पोलीससुद्धा. खिडकीजवळच्या खुर्चीत विक्रमचे चुलते, अण्णा, बसले होते. ते हसले नाहीत. अण्णा स्वतः हसत नाहीत. त्यांच्या वाटचं बाकीचे हसतात.

केंद्राध्यक्ष नगरहून आलेले. चष्मा, हाफ स्वेटर, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही तिकडं दाराजवळ बसा ना. इथं गर्दी होतीय."

गर्दी कसली? मतदान अजून सुरूही झालं नव्हतं. टेबलासमोर दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. विक्रमनं एकीवर बूड टेकलं आणि दुसरीवर पाय पसरले.

दाराजवळ पहिलीच्या पोरांचा बुटका बाक होता. त्यावर बसले की गुडघे हनुवटीला लागायचे. पुढं शाळेचं लोखंडी कपाट आडवं. एजंटाचं काम काय, तर आलेला मतदार तोच आहे का, हे त्याचं तोंड बघून ओळखायचं. तिथून मला तोंडं दिसत नव्हती. कपाटाच्या खालून फक्त पाय दिसायचे. मला त्यांनी गावाचे पाय बघायला बसवलं.

बसले. तेव्हा मी बसले.

जामखेड तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस बेताचा. दिवाळी झाली की आमची बौद्ध वस्ती निम्मी रिकामी होते. जोडपी ऊसतोडीला जातात, पार सांगली-कोल्हापूरकडं. माझा भाऊ आणि भावजयही जातात. मागं राहतात म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या आणि माझ्यासारखी एखादी. ग्रामपंचायतीची निवडणूक नेमकी त्याच दिवसांत लागली. नेमकी का, हे तेव्हा मी विचारलं नव्हतं. आता सगळ्यालाच विचारते.

माझं बी.ए. झालंय. पोलीस भरतीची तयारी करत होते. सकाळी जामखेड रस्त्यावर पळायचे. गावातली पोरं मोटरसायकल हळू करून आवाज टाकायची, "कुणाला पकडायला चालली गं?" मी पळत राहायचे.

माझ्या चुलतभावाची बायको, सुनीता वहिनी, उभी राहिली आमच्या वॉर्डातल्या महिलांच्या जागेवर. जागा जातीसाठी राखीव नव्हती. खुली होती. वस्तीतलं माणूस खुल्या जागेवर गावात कधी उभं राहिलं नव्हतं. अण्णांनी निरोप धाडला, "पलीकडच्या वॉर्डात तुमची राखीव जागा हाय की. हितं कशाला शिरताय?" कारण इथं अण्णांची सून उभी होती, आणि विक्रम तिचा एजंट.

वहिनीनं उलट निरोप दिला, "खुली म्हंजे सगळ्यांना खुली."

एजंट म्हणून बसायला गडीमाणूस कुणी तयार होईना. जे गावात होते ते अण्णांच्या रानात कामाला. वहिनी आमच्याकडं आली. म्हणाली, "तुला पोलीस व्हायचंय ना? मंग बस की. तितं नुसतं टक लावून बघायचं असतं."

पास आणायला आम्ही जामखेडला तहसीलला गेलो. तिथं भिंतीवर एक सूचना लावली होती. मतदान केंद्रात कोण थांबू शकतं. मतदार. उमेदवार. उमेदवाराचा एक प्रतिनिधी. नेमलेले कर्मचारी. मतदार बाईच्या कडेवरचं लेकरू. अंध किंवा अपंग मतदाराबरोबर एक सोबती. खाली बारीक अक्षरात होतं, एका सोबत्यानं एकाच मतदाराला मदत करावी. कडेवरचं लेकरू वाचून मला हसू आलं. इतका बारीक विचार कुणीतरी केलाय, असं वाटलं. सोबती वाचून काहीच वाटलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी दिवस उगवायला शाळेच्या फाटकात होते. मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर मशीन तपासतात. सगळी बटणं दाबून दाखवतात, मग ती मतं पुसून शून्य करून दाखवतात. ते मला बघायचं होतं. पोलिसानं अडवलं.

"मतदान सुरू व्हायचंय अजून. तवर भाईर थांब."

"मी एजंट हाय. हा पास."

त्यानं पास घेतला. उलटा केला. सुलटा केला. दुसऱ्या पोलिसाला दाखवायला घेऊन गेला. मी फाटकाच्या बाहेर. तेवढ्यात अण्णांच्या घरून चहाची किटली आली, पोह्यांचं पातेलं आलं. ते आणणाऱ्याला कुणी पास मागितला नाही. रात्री मुक्कामाला आलेल्या साहेबांचं जेवणही त्याच घरून आलं होतं, हे मला नंतर कळलं. अण्णा स्वतः आले, चप्पल काढून आत गेले. अण्णा उमेदवार नव्हते. एजंट नव्हते. त्यांचं मत पलीकडच्या वॉर्डात. कुणी विचारलं नाही.

मला आत सोडलं तेव्हा मशीनला सील लागत होतं.

"झालं का तपासून?" मी विचारलं.

"हो हो. सगळं शून्य होतं. सही करा इथं."

"मी बघितलंच न्हाई. सही कशी करू?"

केंद्राध्यक्षांनी कागद ओढून घेतला. "नका करू. तुमच्या सहीवाचून काही अडत नाही."

शून्य होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. असेलही. पण मी ते पाहू नये, असं कुणाला तरी वाटत होतं. त्यानंतरच मी खुर्चीवर जाऊन बसले होते, आणि विक्रमनं मला उठवलं होतं.

मतदान सुरू झालं. पाय येऊ लागले. बुटातले, चपलेतले, अनवाणी. नाव पुकारायचे, शाई लावायचे, पुठ्ठ्याच्या आडोशामागून मशीनचा लांब आवाज यायचा. उन्हं जरा वर आल्यावर विक्रम उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या बुटांशेजारी दोन अनवाणी पाय होते.

"साहेब, हिला दिसत न्हाई. मी सोबती."

मी मान वाकडी करून कपाटाआडून बघितलं. गिरजा मावशी. तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं, हे खरं होतं. म्हणून मी हरकत घेतली नाही. विक्रम तिच्याबरोबर पुठ्ठ्यामागं गेला. आवाज आला. मावशी बाहेर पडली.

जरा वेळानं पुन्हा तेच बूट. पुन्हा अनवाणी पाय. "साहेब, हिलाबी दिसत न्हाई."

ही द्रौपदा काकू. काल संध्याकाळी ही रस्त्याच्या पलीकडून मला ओळखून ओरडली होती, "पळून पळून वाळली गं पोरी!" आता डोळे मिटून विक्रमचा हात धरून उभी.

 मी याही वेळी हरकत घेतली नाही. वाटलं, काकूच अशी कशी. मला काकूचा राग आला. विक्रमचा नाही. हे असं असतं. आपलंच माणूस आधी दिसतं.

मग दारात तिसरे पाय आले. टाचेला भेगा. उजव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा मी ओळखला. आदल्या दिवशी उंबऱ्यात बसून आईनं तो टाका घातला होता. सुई तिनं स्वतःच ओवली होती. एका दमात.

"साहेब, ही बी आंधळी. मोतीबिंदू. दोन्ही डोळं गेलं."

मी ताडकन उठले. बाक मागं आडवा पडला.

"साहेब, ही माझी आई हाय. हिला दिसतं."

 केंद्राध्यक्ष वैतागले. आईकडं वळून म्हणाले, "मावशी, दिसतं का तुम्हाला?"

आईनं डोळे घट्ट मिटले होते. इतके घट्ट की कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"न्हाई दिसत."

"आई."

"न्हाई दिसत साहेब. कोण बोलतंय ते बी कळंना."

विक्रम म्हणाला, "घ्या! सोताच्या लेकीला वळखंना." पुन्हा सगळे हसले. या वेळी अण्णासुद्धा. मी पहिल्यांदा त्यांचे दात बघितले.

विक्रमनं आईला पुठ्ठ्यामागं नेलं. मशीन वाजलं. आईच्या बोटाला शाई लागली होती, बटण विक्रमच्या बोटानं दाबलं.

परत निघताना त्यानं आईचा हात सोडला. काम झालं होतं. तिच्या वाटेत माझा आडवा पडलेला बाक होता. आई त्याच्यापाशी आली, पदर सावरला, बाकाला वळसा घातला आणि बाहेर गेली. कुठं अडखळली नाही. कशाला हात लावला नाही.

हे खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. केंद्राध्यक्षांनी बघितलं. शाई लावणाऱ्या बाईंनी बघितलं. पोलिसानं बघितलं. कुणी काहीही बोललं नाही.

त्या क्षणी मला कळलं. खोलीत आंधळी कोण होती, ते कळलं. आईचे डोळे नव्हते गेले. यांनी ठरवलं होतं की आपल्याला दिसत नाही. आणि पगार घेऊन ठरवलं होतं.

मी बाक उचलला. कपाटाजवळ नाही ठेवला. ओढत नेला आणि टेबलासमोर, विक्रमच्या खुर्चीला लावून ठेवला. फरशीवर कर्र आवाज झाला.

"ताई, काय करताय?"

"बसतीय. मला हितनं तोंडं दिसत्यात." मी केंद्राध्यक्षांकडं वळले.  "साहेब, ह्यो माणूस किती जणींचा सोबती हाय? तीन झाल्या. तहसीलच्या भिंतीवर एकाला एकच लिवलंय."

"तुम्ही मला नियम शिकवू नका."

"मंग तुमीच सांगा. आन् हे सांगा," मी अण्णांकडं बोट केलं, "हे कोण म्हणून बसल्यात?"

गावात अण्णांना असं कुणी विचारत नाही. बोट करून तर नाहीच. माझाच हात मला परका वाटला. पण मी तो खाली घेतला नाही.

अण्णा शांत होते. "पोरी, ही शाळा माझ्या बापानं दिलेल्या जागेवर हाय."

"असंल. आज ही शाळा न्हाई, मतदान केंद्र हाय. तुमचा पास दाखवा."

"हवालदार!" केंद्राध्यक्ष ओरडले. "यांना बाहेर काढा."

पोलीस पुढं आला.  पोलीस भरतीचं स्वप्न बघणारी मी, आणि पोलीस माझ्याच दंडाकडं हात नेत होता. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

"काढा. पर लिहून द्या. उमेदवाराच्या एजंटाला का काढलं, ते तुमच्या सहीनं लिहून द्या. मी हितनं सरळ जामखेडला जाती."

केंद्राध्यक्षांनी लिहिलं नाही. माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. लिहिलेलं उद्या कुणाच्या गळ्यात येईल, याचा हिशोब त्यांच्या तोंडावर दिसत होता. शेवटी उठून अण्णांजवळ गेले. कमरेत वाकून म्हणाले, "अण्णा, जरा बाहेर बसता का? उगाच कटकट नको."

मला बाहेर जा म्हणताना ते वाकले नव्हते.

अण्णा उठले. माझ्याजवळून जाताना थांबले. हळू बोलले, फक्त मला ऐकू येईल असं. "तुमचं घर गायरानात हाय. इसरू नको."

मी जिंकले असं कुणी समजू नये. विक्रमनं सोबती होणं बंद केलं, हे खरं. मग त्याचा भाऊ आला. मग मेव्हणा. मग ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. दर म्हातारीला नवा सोबती. नियम पाळला गेला. मी दर वेळी उठून हरकत घेतली. केंद्राध्यक्ष दर वेळी म्हातारीला विचारायचे, दिसतं का? म्हातारी दर वेळी म्हणायची, न्हाई. आमची वस्ती त्या दिवशी दुपारपर्यंत आंधळी झाली. मी मात्र बाक सोडला नाही. जेवायला उठले नाही. लघवीला उठले नाही. मशीन बंद होऊन सील होईपर्यंत बघत राहिले, आणि ते सील बघून मगच सही केली.

घरी आले तर आई चुलीपुढं. भाकरी थापत होती. माझ्याकडं बघितलं नाही.

"तुला मी कळले न्हाई व्हय?"

तिनं भाकरी उलटली. "डोळं उघडलं असतं तर तू दिसली असतीस. मंग मला खोटं बोलता आलं नसतं."

"मग कशाला बोललीस?"

"अण्णा आलता परवा. म्हणला, गायरानातली घरं काढायचा अर्ज पडलाय. मत आमच्या हातानं टाका, घर ऱ्हाईल. तुज्या बापानं ह्या भिती हातानं लिंपल्यात. काय करू मी?"

मी जेवले नाही. तिनंही ताट वाढून घेतलं नाही.

मतमोजणी जामखेडला झाली. दारावर पुन्हा पास. उमेदवार आणि एक प्रतिनिधी, एवढेच आत. वहिनीच्या बरोबर मी. जाळीच्या अलीकडं उभं राहायचं, पलीकडं टेबलावर मशीन उघडणार. मी जाळीला नाक लावून उभी राहिले. तर पलीकडून, साहेबांच्या बाजूनं विक्रम फिरत होता. गळ्यात पत्रकाराचं कार्ड. ज्याला नीट अर्ज लिहिता येत नाही, तो एका रात्रीत पत्रकार झाला होता. हातात मोबाईल. मी तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं, ह्यांचं वर्तमानपत्र कोणतं? तो म्हणाला, "मागं व्हा. जाळीला हात लावू नका."

वहिनी पडली. थोडक्यात पडली. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी स्वतःचं बोट वापरलं असतं तर पडली नसती. हे मला वाटतं. सिद्ध करता येत नाही. तहसीलला तक्रार घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "मतदारानं स्वतः सांगितलंय ना दिसत नाही म्हणून? मग तुम्हाला काय अडचण आहे?" बाहेर गुलाल उडत होता. आमच्या एस.टी.च्या काचेवरही आला.

उन्हाळ्यात गायरानातल्या अतिक्रमणाची नोटीस आली. गायरानात निम्म्या गावाची घरं आहेत. अण्णांचं कांद्याचं गोडाऊनसुद्धा. नोटीस फक्त दोन घरांना आली. वहिनीच्या आणि आमच्या.

आईनं नोटीस हातात घेतली. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. ती उंबऱ्यात बसली.

"म्हंजे मी डोळं मिटलं तरीबी?"

"तरीबी."

"मंग मला आंधळी कशाला केली त्यांनी?"

 तिला उत्तर माहीत होतं. घर वाचवणं हे त्यांच्या मनात कधीच नव्हतं. मत त्यांना हवंच होतं, आणि एकदा डोळे मिटणारा पुन्हा मिटतो का, हेही तपासायचं होतं.

नोटिशीला आम्ही वकिलामार्फत उत्तर दिलंय. नगरच्या कोर्टात तारखा चालू आहेत. घर अजून उभं आहे. किती दिवस, माहीत नाही. भरतीत माझं पळणं झालं, लेखी झालं, आणि चारित्र्य पडताळणीला गावातून कुणीतरी माझ्याविरुद्ध अर्ज दिला. शासकीय कामात अडथळा आणणारी, असं त्यात आहे. कुणी दिला, ते नावाशिवाय कळतं.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक येतेय. आई म्हणते, "या टायमाला मी एकलीच जाईन आत. कुणाचा हात धरणार न्हाई." ती मनापासून म्हणते. पण मी आता कुणाच्या म्हणण्यावर जात नाही. सील मी स्वतः बघितल्याशिवाय सील म्हणत नाही. शून्य स्वतः बघितल्याशिवाय शून्य म्हणत नाही. पोलीस, साहेब, पत्रकार, आमच्याच वस्तीतले लोक, कुणाच्याही तोंडावर मी विश्वास ठेवत नाही.

मी पुन्हा एजंट म्हणून बसणार आहे. पहिल्या माणसाच्या आधी आत जाणार, शेवटच्या माणसानंतर बाहेर पडणार. आत जो दिसेल त्याला विचारणार, तू कोण म्हणून इथं आहेस. सोबती घेऊन येणाऱ्या प्रत्येक म्हातारीवर लेखी हरकत घेणार, आणि ती पोहोचल्याची सही घेतल्याशिवाय हटणार नाही.

आणि माझी आई पुन्हा कुणाचा हात धरून, डोळे मिटून आत आली, तर पहिली हरकत तिच्याविरुद्ध घेईन.